तोंड कुणीकडे?

आपल्याकडे माणसाचं तोंड कोणत्या दिशेला असावं याचा जेवढा विचार झाला आहे, तेवढा त्या तोंडातून काय बाहेर पडावं याचा झालेला नाही. जेवताना तोंड पूर्वेकडे असावं, झोपताना पाय दक्षिणेकडे नसावेत, देव्हारा अमुक भिंतीला असावा, औक्षणाच्या पाटावर बसणाऱ्याने तमुक दिशेला बघावं, सगळं ठरलेलं. शास्त्राने जे सोडलं ते व्यवहाराने ठरवलं. लोकलच्या डब्यात शिरलेला माणूस श्वास घेण्याआधी वाऱ्याकडे तोंड असलेली खिडकी शोधतो. ती मिळाली नाही आणि मोटरमनकडे पाठ करून बसावं लागलं, तर कल्याणपर्यंत त्याच्या चेहऱ्यावर भाऊबंदांनी वाटणीत फसवल्याची कळा असते. वास्तविक दोन्ही खिडक्या कल्याणला एकाच वेळी पोचतात.

पण दोन वर्षांच्या मुलाचं मोटारीत तोंड कुणीकडे असावं, याबद्दल एकाही स्मृतीत, पुराणात किंवा पंचांगाच्या मागच्या पानावर अवाक्षर नाही. ऋषिमुनींना हा प्रश्न पडला नाही याचं कारण उघड आहे. त्यांच्या रथाचे घोडे ताशी शंभर किलोमीटरने धावत नव्हते आणि समोरून येणाऱ्या रथाचा सारथी मोबाइलवर बोलत नव्हता.

हा प्रश्न मला न्यू जर्सीत भेटला. निवृत्त मराठी माणसाला आयुष्यात एकदा सहा महिने अमेरिकेत नातवंडं सांभाळण्याची शिक्षा असते. तिला पाहुणचार म्हणतात. या शिक्षेचा बराचसा भाग मोटारीत भोगावा लागतो, कारण तिथे कोथिंबीर आणायलासुद्धा मोटार लागते. आणि मोटार म्हटली की आमच्या नातवाची खुर्ची आली. घरात त्याला युवराज म्हणतात, आणि ती खुर्ची बघितल्यावर ते नाव उगीच ठेवलेलं नाही हे पटतं. जाडजूड गादी, दोन्ही बाजूंना उंच कठडे, आणि पाच पट्टे: दोन खांद्यांवरून, दोन कमरेवरून आणि एक दोन पायांमधून. छातीवर एक चाप, तो बरोबर काखेच्या रेषेत. खांद्यावरचा पट्टा दोन बोटांच्या चिमटीत आला तर तो ढिला, पुन्हा ओढा. बाहेर बर्फ पडत असलं तरी जाड कोट काढून मगच पट्टे बांधायचे, कारण कोटाच्या फुगवट्यामुळे पट्टा घट्ट वाटतो पण असत नाही. युवराजांना सिंहासनस्थ करायला आमच्या सूनबाईला जेवढा वेळ लागतो, तेवढ्या वेळात आमच्या लहानपणी आख्खं वऱ्हाड एस.टी.त चढून, जागेवरून भांडून, डबे उघडून बसलेलं असायचं.

आणि एवढं करून हे सिंहासन उलटं! म्हणजे मोटार निघालेली असते न्यू यॉर्ककडे आणि युवराजांचं तोंड असतं फिलाडेल्फियाकडे.

"अहो, लेकराला भिंतीकडे तोंड करून बसवलंय," आमची ही पहिल्याच दिवशी म्हणाली. "शाळेत मस्ती करणाऱ्या पोरांना बसवायचे तसं. काय गुन्हा केलाय त्यानं?"

"आई, तो अजून दोन वर्षांचा नाही झाला. इथे कायदा आहे," सूनबाई म्हणाली.

कायदा खरोखरच आहे. न्यू जर्सीत २०१५ पासून, मूल दोन वर्षांच्या आतलं आणि तीस पौंडांच्या आतलं असेल, तर त्याला उलट्या तोंडाच्या, पाच पट्ट्यांच्या खुर्चीतच बसवावं लागतं. तीस पौंड म्हणजे साडेतेरा किलोच्या आसपास. कायदा म्हटल्यावर ही गप्प बसली. आमच्या पिढीला कायद्याचा धाक आहे, विशेषतः परक्या देशातल्या. पण तिने मनाशी हिशोब केला होता. युवराजांचा दुसरा वाढदिवस तीन आठवड्यांवर आला होता. "मग वाढदिवसाला फिरवा," तिने निकाल दिला. "नवे कपडे, औक्षण आणि तोंड पुढे. सगळं एकदमच होऊन जाऊ दे."

इथून घरात वादाला तोंड फुटलं. ते मात्र चारी दिशांना होतं.

सौ.ची बाजू अनुभवाची होती. तिने आमच्या तिन्ही मुलांना मांडीवर घेऊन पुणे ते सावंतवाडी प्रवास केला होता. मधला मुलगा तर स्कूटरवर माझ्यापुढे हँडल धरून उभा राहायचा आणि वारा प्यायचा. यातल्या कुणालाही काही झालं नाही. हा युक्तिवाद आमच्या पिढीचा हुकमी एक्का आहे. त्यातली गोम एवढीच, की ज्यांना काही झालं ती मंडळी हा युक्तिवाद करायला हजर नसतात. हयात साक्षीदारांवरच खटला चालवला तर निकाल ठरलेलाच असतो.

आईच्या मांडीवर विश्वास ठेवणारी आमची ही मात्र एकटी नाही. मुलांना मोटारीत खुर्चीत बांधलंच पाहिजे असा कायदा अमेरिकेत सर्वप्रथम केला तो टेनेसी राज्याने, १९७७ साली. त्या कायद्यात आमदारांनी एक सूट घालून ठेवली: मूल आईच्या कुशीत असेल तर खुर्ची माफ. आईच्या मायेपुढे पाच पट्ट्यांची काय पत्रास, असंच त्यांनाही वाटलं असणार. पण माया ही न्यूटनला ठाऊक नव्हती. दहा किलोचं मूल घ्या. ताशी पन्नास किलोमीटरने चाललेली मोटार कशावर तरी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर त्या क्षणी ते मूल धरून ठेवायला सुमारे एकशे चाळीस किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. हा हिशोब शाळेतल्या गणितानेही करता येतो. एकशे चाळीस किलो म्हणजे गव्हाची जवळजवळ दीड क्विंटलची रास, आणि तीही बेसावध असताना. शिवाय आई स्वतः पट्ट्याविना असेल तर ती मुलावरच आपटायची. टेनेसीने ती सूट १९८१ साली रद्द केली. आईच्या मायेचा पराभव झालेला नाही. मायेने हात सोडले आणि पट्टा ओढला, इतकंच.

आता पट्टे मान्य केले तरी तोंड उलटं का, हा प्रश्न उरतोच. याचं उत्तर आमच्या चिरंजीवांनी जेवणाच्या टेबलावर लोणच्याची बाटली आणि चमचा घेऊन समजावलं. इंजिनिअर मुलगा असला की कुठलंच जेवण प्रात्यक्षिकाशिवाय होत नाही. बाटली म्हणजे धड आणि चमचा म्हणजे मान. लहान मुलाचं डोकं फार मोठं असतं. नवजात बाळाच्या लांबीचा चौथा हिस्सा नुसतं डोकं असतं. तुमच्या-आमच्या उंचीत ते सातवा-आठवा हिस्सा भरतं. (काहींच्या बाबतीत आतला ऐवज त्याहून कमी, पण तो वेगळा विषय.) त्यात मुलाच्या मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात, मधे बरीचशी कूर्चा असते. मोटार समोरून आदळली की पुढे तोंड करून बसलेल्या मुलाचं धड पट्टे धरून ठेवतात आणि ते जड डोकं मात्र पुढे फेकलं जातं. मधल्या कच्च्या मानेवर सगळा भार. उलटं बसवलेलं मूल खुर्चीच्या पाठीत दाबलं जातं. डोकं, मान, पाठ एकदम. झटका सगळ्या पाठीवर वाटला जातो.

"म्हणजे पाठीवर मारावं, पण पोटावर मारू नये!" मी म्हटलं.

चिरंजीव दोन सेकंद थांबले. मग म्हणाले, "बाबा, एवढ्यासाठी मी उगाच लोणचं सांडलं."

आपल्या पूर्वजांनी ही म्हण पोटापाण्याच्या संदर्भात केली, पण म्हणीला संदर्भ बदलायला कितीसा वेळ लागतो? स्वीडनमधले बर्टिल आल्डमन नावाचे डॉक्टर हीच गोष्ट वेगळ्या वाटेने शिकले. अमेरिकेच्या जेमिनी यानात बसणारे अंतराळवीर पाठीवर रेलून बसतात, जेणेकरून उड्डाणाचा जोर सगळ्या पाठीवर पसरावा, हे त्यांनी पाहिलं आणि १९६४ साली मुलांसाठी उलट्या खुर्चीचा पहिला नमुना केला. १९७२ साली व्होल्वो कंपनीने तशी खुर्ची बाजारात आणली. ब्रिटिश विमानदलाच्या व्हीसी-१० या वाहतुकीच्या विमानांत तर सैनिकांच्या खुर्च्याच उलट्या असत. म्हणजे अंतराळवीर, सैनिक आणि आमचे युवराज हे तिघे एका पंगतीतले. आमच्या लहानपणी टांग्यात मागच्या बाकावर बसणारी माणसंही त्याच पंगतीतली. फरक इतकाच की त्यांना पट्टे नसत, आणि घोडा सहसा कशावर आदळत नसे. तो विचार करून चालायचा.

एवढं झाल्यावर कुणालाही वाटेल की प्रश्न मिटला. पण खरा प्रश्न इथेच सुरू होतो. उलटं बसवावं हे ठरलं, पण किती दिवस? केव्हा तरी सुलटं करायचंच आहे. चाळिशीच्या गृहस्थाला उलटं बसवून ऑफिसात नेता येत नाही. मग तो दिवस कोणता?

वाढदिवस, असं आमची ही म्हणते. पण वाढदिवसाच्या आदल्या रात्री झोपताना कच्ची असलेली मान सकाळी केक कापायच्या वेळी पक्की होते काय? ग्रीकांचं एक जुनं कोडं आहे. धान्याच्या ढिगातून एकेक दाणा काढत गेलं तर ढीग कुठल्या दाण्याला ढीग राहत नाही? कुठलाही एक दाणा दाखवून 'हाच तो' असं म्हणता येत नाही, आणि तरी शेवटी ढीग संपतोच. मूल मोठं होणं हे त्या कोड्यासारखंच, उलट्या अंगाने. एकेक दिवस चढत जातो आणि कुठलाच दिवस 'हाच तो' नसतो. सरकारला मात्र कुठला तरी एक दाणा दाखवावाच लागतो, कारण पोलिसाला ढिगाचं तत्त्वज्ञान सांगून चालत नाही. म्हणून प्रत्येक सरकार आपला दाणा दाखवतं. युरोपात २०१३ साली आलेल्या नियमाप्रमाणे पंधरा महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. स्वीडनमध्ये तर चारेक वर्षांपर्यंत मुलाला उलटं बसवण्याचीच पद्धत आहे. आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा खुर्ची नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. पण त्या कलमात तोंड कुणीकडे असावं याचा उल्लेख नाही. लोकशाहीत प्रत्येकाला आपलं तोंड हवं तिकडे करण्याचं स्वातंत्र्य आहे, असा मी त्याचा अर्थ लावला.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ साली दोन वर्षांचा आकडा सांगितला होता. २०१८ साली तिने तो काढूनच टाकला. आता त्यांचं म्हणणं असं, की वय बघू नका, खुर्ची बघा. खुर्चीला वजनाची आणि उंचीची जी मर्यादा दिलेली असते ती गाठेपर्यंत उलटंच बसवा. युवराजांच्या खुर्चीवरची मर्यादा चाळीस पौंडांची, म्हणजे अठरा किलोची. युवराजांचं वजन साडेबारा किलो. म्हणजे कायद्यातला दोन वर्षांचा आकडा वाढदिवसाला संपत होता आणि खुर्ची अजून वर्ष-दोन वर्षं पुरणार होती. या मधल्या जागेत पोलीस काही घरी येऊन बघणार नव्हता. आणि जिथे पोलीस नसतो तिथेच माणसाला नीतिशास्त्राची गरज लागते.

त्या मधल्या जागेत आमचं सगळं कुटुंब उतरलं. शिवाय महाराष्ट्र मंडळ होतंच. तिथे दर महिन्याला प्रत्येकाने एकेक पदार्थ करून आणायचा असतो, आणि पदार्थाबरोबर आपल्या मुलाची प्रगतीही आणायची असते. दात आला, चालला, बोलला, एबीसीडी आली, या यादीत 'आमचा आता पुढे तोंड करून बसतो' हीही एक पायरी झालेली आहे. एका बाईंनी सूनबाईला विचारलंच, "अगोबाई, अजून उलटाच का तुमचा?" मूल नापास झाल्यासारखा तो स्वर होता. वास्तविक ही बढती नव्हे. चौथीतून पाचवीत जाताना काही मिळतं. इथे काही तरी काढून घेतलं जातं. पण मागे राहिल्याची भीती इतकी खोल असते की नुसतं मागे बघणारं मूलसुद्धा आपल्याला मागे पडलेलं वाटतं. 'पुढारी' या शब्दाला मान देणाऱ्या समाजात याहून वेगळं काय होणार?

चिरंजीवांकडे एक आकडा होता. उलटं बसवणं पाच पट सुरक्षित. २००७ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात तसा लेख आला होता आणि तेव्हापासून तो आकडा सर्वतोमुखी झाला होता. पण मंडळातले एक गृहस्थ संख्याशास्त्राचे निघाले. संख्याशास्त्रज्ञाला जेवायला बोलावणं नेहमीच धोक्याचं. त्यांनी बटाटेवडा खाता खाता सांगितलं, की त्या लेखातली आकडेमोड चुकीची होती, ती पुन्हा कुणाला जमेना, आणि २०१८ साली तो लेख मागे घेतला गेला. पुन्हा हिशोब केला तेव्हा उलट्या बसलेल्या मुलांत दुखापती कमी दिसल्या खऱ्या, पण त्या संख्येने इतक्या थोड्या, की त्यावरून छातीठोक विधान करता येईना. थोड्या का? तर नीट बांधलेल्या मुलांना दोन्ही दिशांना मुळात इजाच कमी होते म्हणून.

घरी येताना मोटारीत शांतता होती. मग ही म्हणाली, "आता तरी फिरवा. पाच पट गेलं ना?"

"आई, पाच पट नाही म्हणजे शून्य पट नव्हे," सूनबाई म्हणाली.

मला हे वाक्य फार आवडलं. आपण पुष्कळदा खऱ्या गोष्टीच्या बाजूने खोटा साक्षीदार उभा करतो, आणि तो उलटतपासणीत कोसळला की खरी गोष्टही सोडून देतो. मानेतली कूर्चा तिथेच आहे. डोकं तेवढंच जड आहे. पाठ तेवढीच रुंद आहे. फायदा किती पट याचा आकडा गेला, पण फायदा कुठल्या बाजूला आहे ती दिशा राहिली. आणि आम्ही तरी दुसरं काय शोधत होतो? दिशाच तर.

पण आमच्या हिच्या भात्यात आणखी एक बाण होता, आणि तो साधा नव्हता. ती म्हणाली, "अपघात होईल की नाही देवाला माहीत. बहुतेक होणार नाहीच. पण हे पोर रोज रडतंय ते आत्ता, माझ्यासमोर. जे होणार नाही त्याच्यासाठी जे होतंय ते का सोसायचं? आणि आपण नव्हे, त्यानं?"

या प्रश्नाला हसून उत्तर देता येत नाही. विम्याचा हप्ता आपण भरतो तो आपल्या खिशातून. वर्षाअखेर आपण मेलो नाही म्हणून हप्ता फुकट गेला असं कुणी शहाणा म्हणत नाही. पण इथे हप्ता युवराज भरतात आणि मनाची शांती आम्हाला मिळते. त्याची संमती कुणी घेतली? दोन वर्षांच्या माणसाला बहुमत नसतं, वकील नसतो, आणि त्याची भाषा इतकी तोकडी की 'नको' या एका शब्दावर त्याला सगळा बचाव उभारावा लागतो.

म्हणून मी ठरवलं, की साक्षीदारालाच तपासावं. आठवडाभर मी मागे त्याच्या शेजारी बसलो आणि तो नक्की केव्हा रडतो ते पाहिलं. तो रडायचा पट्टे बांधताना. मोटार सुरू झाली की पाच मिनिटांत गप्प. सिग्नलला मोटार थांबली की पुन्हा सुरू. म्हणजे तक्रार बांधून ठेवण्याबद्दल होती, थांबण्याबद्दल होती, दिशेबद्दल नव्हतीच. पुढे तोंड केलेलं शेजारचं मूलही सिग्नलला तसंच रडतं, हे मी त्याच्या आजोबांकडून पक्कं करून घेतलं. आणि गप्प झाल्यावर युवराज काय करायचे? मागच्या काचेतून जे जे दूर जाईल त्याला टाटा करायचे. झाडाला टाटा, पुलाला टाटा, मागून येणाऱ्या अठरा चाकांच्या ट्रकला टाटा. एकदा त्या ट्रकवाल्या दाढीवाल्या माणसानेही हात हलवला, तेव्हा युवराजांच्या चेहऱ्यावर जो आनंद पाहिला तो पुढच्या काचेतून मला आजवर मिळालेला नाही. पुढच्या काचेतून फक्त पुढच्या मोटारीचा नंबर दिसतो.

तात्पर्य, भिंतीकडे तोंड केलेलं मूल आम्हाला दिसत होतं. त्याला भिंत दिसत नव्हती. त्याने आयुष्यात पुढची बाजू पाहिलेलीच नाही, तेव्हा ती हरवल्याचं दुःख तो कुठून आणणार? दुःख आमचं होतं. आम्हाला आरशाशिवाय त्याचं तोंड दिसत नव्हतं. मुलांच्या सुखाच्या नावाखाली आपण किती वेळा आपलीच खिडकी मागत असतो, हे एकदा प्रत्येक आजोबाने मागच्या सीटवर बसून तपासावं.

आणि जो काही कंटाळा त्याला खरोखर येत असेल, तो भरून काढता येतो. शेजारी बसता येतं, गाणं म्हणता येतं, मुरमुऱ्यांची डबी देता येते. मान मोडली तर ती भरून काढायला कुठलं गाणं नाही. मला वाटतं या सगळ्या वादाचं सार इतकंच आहे. जे नाकारतो ते दुसऱ्या वाटेने देता येत असेल, आणि ज्याला भितो ते एकदा झाल्यावर परत फिरवता येत नसेल, तर मुलाचं 'नको' थोडे दिवस न ऐकण्याचा हक्क मोठ्या माणसांना आहे. त्याबद्दल कुणी आभार मानणार नाही. न झालेल्या अपघाताचा वाढदिवस कुणी साजरा करत नाही. कुठल्या दिवशी तो झाला नाही हेच मुळी कळत नाही. फळाची आशा न धरता करायचं कर्म म्हणजे काय, हे मला कीर्तनात कळलं नव्हतं. बर्फात हातमोजे काढून पाच पट्टे बांधणाऱ्या सूनबाईकडे बघून कळलं.

मात्र या तत्त्वात एक धोका आहे, आणि तो सांगितल्याशिवाय लेख संपवणं लबाडीचं होईल. 'परत फिरवता येणार नाही' ही भीती एकदा लागली की ती मोटारीतून उतरून घरात येते. झाडावर चढू नकोस, परत फिरवता येणार नाही. ती शाखा घेऊ नकोस, त्या मुलीशी लग्न करू नकोस, ती नोकरी सोडू नकोस. आपल्या ओळखीत असे आईबाप असतातच, ज्यांनी पस्तिशीच्या मुलालाही अजून सुलटं केलेलं नाही. त्याला आयुष्यात फक्त होऊन गेलेलं दिसतं. पुढचं सगळं त्याच्या पाठीमागे, आईबापांच्या हातात. तीही माणसं हेच म्हणतात, की अजून त्याची मान कच्ची आहे. फरक कुठे आहे? फरक त्या खुर्चीवरच्या छापील चिठ्ठीत आहे. तिच्यावर 'चाळीस पौंड' असं आधीच लिहिलेलं आहे. मूल रडलं म्हणून तो आकडा कमी होत नाही, आणि आई घाबरली म्हणून तो वाढत नाही. आईबापांच्या काळजीवर अशी चिठ्ठी कुणी लावून देत नाही. ती ज्याची त्याने, घाबरायला लागायच्या आत, स्वतःच्या हाताने लावून ठेवायची असते.

वाढदिवस झाला. नवे कपडे झाले, औक्षण झालं, तोंड राहिलं तिथेच राहिलं. सूनबाईने चाळीस पौंडांवर सही केली आणि चिरंजीवांनी अनुमोदन दिलं. आमच्या हिने आठ दिवस अबोला धरला. मग मागच्या सीटवर माझी जागा बळकावून ती स्वतः युवराजांच्या शेजारी बसायला लागली आणि दोघं मिळून ट्रकांना टाटा करायला लागली. पुढच्या महिन्यात मंडळात त्या बाईंनी पुन्हा विचारलं, "अजून उलटाच?" तेव्हा ही ताठ मानेने म्हणाली, "आमच्याकडे चाळीस पौंडांची पद्धत आहे." जणू पेशवाईपासून आमच्या घराण्यात तो कुळाचारच आहे.

मी आता पुढे, चिरंजीवांच्या शेजारी बसतो. समोर सगळा रस्ता मोकळा दिसत असतो. पण खरं सांगू? या वयात पुढे बघून बघणार काय? माझं सगळं लक्ष मागे गेलेल्या गावांकडे, माणसांकडे आणि सावंतवाडीच्या एस.टी.कडेच असतं. उलट्या खुर्चीचा खरा हक्कदार मीच आहे. चौकशीही केली. पण चाळीस पौंडांची मर्यादा मी फार पूर्वी ओलांडली, असं कळलं.